निळ्या खिडकीचा चार्ज

मुलुंड,
१६ फेब्रुवारी २०२५

शकुआत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव होतं, तरी बाबांनी आधी फोडलं, स्वतः वाचलं, आईला वाचून दाखवलं आणि मग "तुझी आत्या तापलीय तुझ्यावर" असं म्हणत माझ्या हातात दिलं. बहिणीच्या पत्रावर धाकट्या भावाचा हक्क म्हणे!

तू विचारलंस, पोरगी नक्की काम काय करते? तिच्या बापाला, अंबादासला, विचारलं तर म्हणतो, काळ्या पडद्यासमोर बसते. आत्या, बाबांना मी किती वर्षं समजावतेय, पण सोसायटीत ते अजून "बँकेसारखं काहीतरी" असंच सांगतात. फोनवर तुला सांगायला जावं तर तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं. म्हणून आता नीट लिहिते. चहा घेऊन बस.

आमचं ऑफिस इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात, वरच्या मजल्यावर आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर आम्ही. एका ट्रस्टची डायलिसिसची सेंटर्स आहेत, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली अशी. कुठल्या पेशंटने कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या खाटेवर यायचं ते सगळं एका मशीनमध्ये असतं. ते मशीन आमच्याकडे नाही, लांब कुठेतरी भाड्याने घेतलेलं आहे. मी इथे बसून टाइप करून त्याला हुकूम सोडते, ते उत्तर देतं. हे ज्या खिडकीत चालतं तिला टर्मिनल म्हणतात.

पूर्वी, म्हणजे तू नोकरीला लागलीस त्या सुमाराला, टर्मिनल म्हणजे खरंच एक खोकं असायचं. जड टीव्ही, त्याला कीबोर्ड, आणि मागून एक तार मोठ्या मशीनपर्यंत गेलेली. ती खोकी कधीच भंगारात गेली. पण मोठ्या मशीनला अजूनही तसंच खोकं समोर लागतं. म्हणून आमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम त्या खोक्याचं सोंग घेऊन बसतो. आपल्या मंठ्यात बहुरूपी हवालदार बनून यायचा आणि तू त्याला खुर्ची दिली होतीस ना, अगदी तसं. फरक एवढाच की जुन्या खोक्यावरून वर सरकलेली ओळ कायमची जायची. हा आमचा बहुरूपी मात्र वर गेलेलं सगळं लक्षात ठेवतो. मी तर त्याला "काहीच विसरू नकोस" असं सेट करून ठेवलंय. खिडकी बंद करेपर्यंत वर सरकवत जायचं, सकाळपासूनचं सगळं दिसतं.

आणखी एक. मशिनं दोन आहेत. एक असली, ज्यावर पेशंटचे नंबर लागतात, आणि दुसरं सरावाचं, ज्यात आम्ही वाट्टेल ते करून बघतो, पुसतो, परत भरतो. दोन्हींच्या खिडक्या सारख्याच काळ्या. कुठल्या खिडकीत टाइप करतोय हे चुकलं तर संपलंच. म्हणून असलीच्या खिडकीला मी निळा रंग दिलाय. दिसला की हात आपोआप सावध होतो.

कॉम्प्युटर एकच. सकाळी मी, तीन वाजल्यापासून सिद्धेश परब. जानेवारीत लागला, बोरीवलीहून येतो, मूळचा कणकवलीकडचा. सिद्धेश चांगला आहे, पण फार बोलतो. तुझी एक सवय मी उचललीय त्याची तो टिंगल करतो. घरी निघायच्या आधी मी पुढच्या आठवड्याची सगळी यादी त्या निळ्या खिडकीत आणते आणि नावं मोठ्याने वाचते. तू आरोग्य केंद्रात वाचायचीस ना, तशी. सिद्धेश म्हणतो, "आरती झाली का गं? प्रसाद ठेव." मी म्हणते, गप बस.

तू अजून घरातसुद्धा ते सिस्टरचं घड्याळ पदराला टाचून फिरतेस का? बाबा म्हणतात, ती झोपतानापण काढत नसेल.

तुझी
माधुरी


मंठा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. माधुरी,
जयभीम. तुझ्या आईला, चंपाला, आणि तुला आशीर्वाद, अंबादासला नाही. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्याला आशीर्वाद देत नसतात.

चहा घेऊन बसले होते, तो निवून गेला, पण पत्र कळलं. शेजारच्या प्रेमालाही समजावून सांगितलं, तिलाही कळलं. बहुरूप्याला मी खुर्ची दिली हे तुझ्या बापाने सांगितलं असणार. त्याने स्वतः त्याला सलाम ठोकून "साहेब, आमची सायकल चोरीला गेलीय" म्हणून तक्रार केली होती, ते नाही सांगितलं वाटतं.

नावं वाचतेस हे वाचून छाती भरून आली. पण लेकी, एक विचारते. तू वाचतेस तेव्हा ऐकतं कोण? आमच्याकडे चार्ज देणं म्हणजे दोन बायांचं काम होतं. मी खाटेपाशी उभी राहायची, पुढच्या ड्यूटीची सिस्टर समोर. मी नाव वाचायची, काय दिलं, काय द्यायचं राहिलं ते सांगायची आणि ती "हो" म्हणायची. तिचं हो आल्याशिवाय पुढचं नाव नाही. शेवटचं हो आलं की मग मी घड्याळ काढून पिशवीत टाकायची. तू तर भिंतीला वाचून दाखवतेस. भिंत हो म्हणते का?

खिडकीला निळा रंग का दिलास ते मला न सांगता कळलं आणि हसू आलं. मुलुंडात आणखी कुणाला कळलं का? त्या परबाच्या पोराला सांगितलंस का? खूण दोघांत ठरली तर खूण, नाहीतर ती आपली हौस. आमच्या एका सिस्टरने बाटलीवर आपल्याच मनाने दोरा बांधला होता, पुढची बाई दोरा बघून गोंधळली. सुदैवाने डॉक्टर तिथेच होते.

आणि हो, तुझ्या पत्रात दर चार ओळींनी सिद्धेश येतो. मुलगा निर्व्यसनी आहे का? आमची काही ना नाही. तू स्पष्ट लिही, अंबादासला मी बघते.

घड्याळाचं विचारलंस. लावते अजून. तुम्ही हसा.

तुझी
शकुआत्या


मुलुंड,
२३ मार्च २०२५

शकुआत्या,
जयभीम.

कुणालाही काही झालेलं नाही. आई, बाबा, मी, सगळे बरे आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस. तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, सॉरी. सिद्धेशचं लग्न झालेलं आहे, बायकोचं नाव निधी, ती भारी आहे, तेव्हा तो विषय मिटला.

आत्या, काल आमची वाट लागली.

शनिवार होता. तीन वाजता मी नावं वाचली, नेहमीसारखी भिंतीला, आणि निघाले. सिद्धेश यायचाच होता. इथल्या पाच रस्ता नाक्यावर मेथी बघत होते तेवढ्यात त्याचा फोन.

"माधुरी, निळी कोण गं?"

"निळी कोण म्हणजे?"

"निळी असली होती की सराव?"

माझ्या हातातली जुडी खाली पडली. भाजीवाली ओरडली ते मला लांबून ऐकू आलं.

"तू काय केलंस?"

"पुसलं. सरावाचं आज पुसून परत भरायचं होतं ना. मेलंय गे मी. सगळा गेला."

सिद्धेश घाबरला की मालवणीत शिरतो. त्याचं म्हणणं असं की दोन खिडक्या उघड्या होत्या, एक काळी, एक निळी. त्याला वाटलं, धोक्याची असती तर लाल असती. निळा म्हणजे शांत, काही बिघडणार नाही असा रंग. त्याच्या आधीच्या ऑफिसात सरावाची खिडकी निळीच होती. झालं, त्याने निळीत हुकूम सोडला. चारही सेंटरांचे नंबर गेले. रोज रात्री त्याची एक नक्कल ठेवली जाते, ती बघितली तर महिन्यापूर्वीची. त्यानंतरची झालेलीच नव्हती. महिन्याभरात मुलुंडला खाटा वाढल्या, सगळ्यांचे दिवस बदलले. म्हणजे सोमवारी सकाळी पेशंट आला असता आणि त्याच्या खाटेवर दुसरंच कोणी असतं. आत्या, तुला मी काय सांगू, डायलिसिसची पाळी चुकली तर काय होतं ते.

तेवढ्यात तो म्हणाला, "सुयोग सर लाइनवर आहेत. म्हणतायत आधी कॉम्प्युटर बंद कर, कशाला हात लावू नकोस, बंद कर. करतोय मी."

सुयोग सर म्हणजे आमचे मालक. आणि त्याच क्षणी मला आठवलं की मी तीन वाजता काय केलं होतं.

"बटणाला हात लावलास तर याद राख!" मी रस्त्यात किंचाळले. "ती खिडकी बंद करायची नाही. कॉम्प्युटर बंद करायचा नाही. सरांना सांग माधुरी नाही म्हणतेय. हात मांडीखाली घे आणि बसून राहा."

रिक्षाने गाळ्यावर पोचले. आत्या, तो खरंच हात मांडीखाली घेऊन बसला होता. चेहरा रडवेला. मी खुर्ची ओढली आणि निळी खिडकी वर सरकवायला लागले. आधी त्याचा हुकूम, त्याच्या वर मी जाताना केलेलं किरकोळ काहीतरी, आणि त्याच्या वर: काशीराम म्हाडगूत, घाटकोपर, सोमवार, पहिली पाळी, खाट तीन. त्याच्या खाली अनुपमा सावंत. त्याच्या खाली पुढचे सगळे. असलीवरून सगळं पुसलं गेलं होतं, पण मी जाताना वाचलेली यादी त्या सोंगाड्याने जशीच्या तशी धरून ठेवली होती. खिडकी बंद झाली असती तर तीही गेली असती.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सिद्धेशने पाणी आणलं आणि स्वतःच प्यायला. मग आम्ही सगळी यादी उचलून दुसरीकडे ठेवली, जुन्या नकलेतून पत्ते आणि फोन काढले, आणि आज दिवसभर बसून चारही सेंटरांना फोन करून एकेक नाव पडताळलं. उद्याच्या सगळ्या पाळ्या लागल्यात.

आता खरी गोष्ट. ट्रस्टवाले भडकलेत. सर म्हणाले, शुक्रवारी बसून ठरवू. सिद्धेश अजून कच्चा आहे, त्याला काढलं की ट्रस्टचं तोंड बंद होईल. आणि तो काय म्हणाला माहितीये? सरांसमोर म्हणाला, "माधुरीने निळ्याचं मला सांगितलं असणार. त्या दिवशी खाली वडापाव खाताना काहीतरी म्हणत होती. मीच विसरलो."

आत्या, मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. तू फेब्रुवारीत लिहिलंस, तरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो विचारणार, निळाच का? आणि का ते मला ऑफिसात सांगायचं नव्हतं. डब्याच्या टेबलावर एकदा विषय निघाला होता, कोट्यातून आलेली माणसं आणि त्यांची लायकी वगैरे. ऑफिसातली श्वेता बोलत होती, बाकीचे मान हलवत होते. मी खाली बघून भाजी संपवली. मग कुणीतरी माझ्या आडनावावरून विचारलं, "हिवाळे म्हणजे नगरकडचे का?" मी म्हटलं, हो, तिकडचेच. तेव्हापासून आपण कोण ते झाकूनच चाललंय.

म्हणून काल सरांसमोर सिद्धेश स्वतःवर घेत होता आणि मी गप्प उभी होते. यादी वाचली म्हणून सगळे माझं कौतुक करतायत. मला ते गिळवत नाही. शुक्रवारी काय करू?

माधुरी


मंठा,
२७ मार्च २०२५

माधुरी,

पत्र आत्ता आलं, उत्तर आत्ताच लिहितेय. स्पीड पोस्टाने पाठवते, तरी शुक्रवार गाठत नाही हे मला दिसतंय. पण लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

मूर्ख आहेस. नावं वाचलीस ते चांगलं केलंस, त्या पेशंटांचा जीव वाचला, त्याबद्दल तुझ्या पाठीवर हात. पण त्या पोराला तू खूण सांगितली नाहीस आणि आता तो तुझी चूक आपल्या डोक्यावर घेऊन उभा आहे, त्याबद्दल तुझ्या पाठीत धपाटा. एका घरात दोन्ही एकदम मिळतात.

नगरकडचे! तुझा आजा याच मंठ्यात निळं निशाण खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा. लोक माडीवरून बघायचे, काय काय बोलायचे. त्याने एकदाही मान खाली घातली नाही. तू एवढी शिकलीस ती भाजीकडे बघत बसायला का? मला कळतं गं, त्या टेबलावर बसणं सोपं नाही. मीही केंद्रात बसलेय, माझा पेला वेगळा ठेवलेला मी बघितलाय. पण माझ्या गप्प बसण्यापायी दुसऱ्याची नोकरी जायची वेळ मी येऊ दिली नसती.

जा आणि सांग. जे व्हायचं ते होऊ दे. नोकरी गेली तर मंठ्याला ये, मी तुला पोसते.

शकुआत्या


मुलुंड,
२ एप्रिल २०२५

शकुआत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र काल पोचलं. सगळं होऊन गेल्यावर! तुझ्या शिव्या वाया गेल्या, पण मी दोनदा वाचल्या आणि आईला दाखवल्या. आई म्हणाली, "बरोबर बोलल्या वन्सं."

आधी सोमवारचं सांगते. सकाळी घाटकोपर सेंटरला मीच फोन लावला. तिथली सिस्टर म्हणाली, "म्हाडगूत काका? आले की, कधीचे. खाट तीनवर पेपर वाचतायत. का, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. शनिवारी दुपारी ते काही वेळ कुठल्याच यादीत नव्हते हे त्यांना कधी कळायचंही नाही. चारही सेंटरांवर एकाचीही पाळी चुकली नाही. फोन ठेवला आणि मी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले, मला एवढी भूक लागली होती.

मग शुक्रवार. सरांच्या केबिनमध्ये सर, सिद्धेश, मी आणि श्वेता, कारण पगार, नेमणुका ती बघते. सरांनी सुरुवातच केली, "सिद्धेश, माझा इलाज नाही रे..."

मी म्हटलं, "सर, एक मिनिट. मी त्याला सांगितलंच नव्हतं."

सिद्धेश म्हणाला, "सांगितलं असशील गं. त्या दिवशी वडापाव खाताना..."

"वडापाव खाताना मी तुला रिक्षावाल्याशी झालेलं भांडण सांगत होते. खिडकीचं एक अक्षर बोलले नव्हते. तू विसरला नाहीस, सिद्धेश."

सर वैतागले. "पण माधुरी, निळा का? सगळं जग असलीला लाल करतं!"

आत्या, घाबरले तर होतेच. पण तोंडातून आलं ते सरळ आलं. "सर, लाल म्हणजे धोका असं तुम्हाला वाटतं. माझ्या घरी जे सगळ्यात जपायचं ते निळं असतं. आमचा झेंडा निळा आहे. चौदा एप्रिलला आमची अख्खी वस्ती निळी होते. मी बौद्ध आहे. मला वाटलं, निळं दिसलं की कुणाचाही हात सावध होईल. माझा होतो. सगळ्यांचा होत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी का ते सांगायची मला हिंमत नव्हती."

श्वेता टेबलावरचा पेन बघत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला वाटत होतं," सर म्हणाले, "डोळ्यांना बरा पडतो म्हणून केलायस."

मला हसू फुटलं. अशा वेळी, आत्या! सिद्धेश हसला, मग सरही हसले. मग त्यांनी आपला लॅपटॉप आमच्याकडे वळवला. महिनाभर रोज सकाळी एक मेल आलेला: रात्रीची नक्कल झाली नाही, जागा भरली आहे. सगळे मेल सरांच्या नावाने, एकही उघडलेला नाही. "नक्कल ताजी असती तर शनिवारी दहा मिनिटांत मिटलं असतं," ते म्हणाले. "कुणाला काढायचं तर रांगेत पहिला मी लागतो. ट्रस्टला मी हेच कळवतो. जा, कामाला लागा."

बस्स. कुणाचीही नोकरी गेली नाही. बाहेर आलो तर सिद्धेश जिन्यात बसला आणि निधीला फोन लावून रडला. मी शेजारी बसले. फार हलकं वाटलं, आत्या. टेबलावर खाली बघून जेवायचं ते एक ओझं मी इतके दिवस वाहत होते, ते गेलं. श्वेता त्या दिवसापासून माझ्याशी जरा मोजूनमापून बोलते. बोलू दे. मी आता मान वर करून जेवते आणि भाजी जास्त चवदार लागते.

खिडकी निळीच राहिली. सर म्हणाले, आता तो रंग या ऑफिसात कुणी विसरणार नाही. फक्त नवा माणूस आला की त्याला रंग सांगायचा, आणि तो का ते पण सांगायचं. आणि तुझं म्हणणं मी मान्य केलं. भिंतीला वाचणं बंद. सिद्धेश तीनच्या आधी येतो आणि समोर उभा राहतो. त्याला तुला काहीतरी लिहायचंय, खाली जागा ठेवते.

तुझी
माधुरी

आदरणीय शकुआत्यांस,
सप्रेम जयभीम. (माधुरी म्हणाली पत्र असंच सुरू करतात. चुकलं असेल तर तिचे कान धरा.)

मी सिद्धेश, खिडकी पुसणारा. तुमच्या आरतीची टिंगल केली होती, त्याच आरतीने माझी नोकरी वाचली. आता रोज मी समोर उभा असतो आणि प्रत्येक नावाला हो म्हणतो. परवा जांभई देत हो म्हटलं, तर तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. तुमच्याकडे पण असंच होतं काय हो? निधीने तुमच्यासाठी कुळथाची पिठी दिली आहे, माधुरीच्या बाबांबरोबर पाठवतो. पिठी करताना कोकम विसरू नका.

तुमचा
सिद्धेश परब


मंठा,
९ एप्रिल २०२५

चि. माधुरी आणि चि. सिद्धेश,
दोघांना जयभीम, निधीला आशीर्वाद.

शिव्या वाया गेल्या याचं मला मुळीच दुःख नाही. सांभाळून ठेव, पुढे कधीतरी कामाला येतील. अंबादासला सांग, या वेळी पत्र आधी तू फोडून वाच आणि मग त्याला दे. चौदाला तो येतोच आहे. पिठी त्याच्याकडे दे, पण वाटेत उघडू नकोस म्हणावं. सिद्धेश, जांभई देत हो म्हणणाऱ्या सिस्टरला मीही पहिल्यापासून ऐकवायची. तेव्हा तक्रार करू नकोस.

आता एक सांगते. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, अंबादासलाही नाही. मी रिटायर झाले त्या दिवशी तुम्ही सगळे संध्याकाळी आला होता. हार झाला, पेढे झाले, तुझ्या बापाने शाल आणली होती. मी हसत होते. पण त्याआधी दुपारी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या जागी कुणी आलंच नव्हतं. पोस्ट रिकामी ठेवली होती. डॉक्टर मीटिंगला जालन्याला गेलेले. ड्यूटी संपायची वेळ झाली, चार्ज घ्यायला माणूस नाही. मी खाटांपाशी उभी राहिले आणि नावं वाचली. दिवस भरत आलेल्या बाया, टीबीच्या गोळ्या चालू असलेली माणसं, लस राहिलेली लेकरं. प्रत्येक नावानंतर थांबले. समोरून हो आलं नाही.

म्हणून घड्याळ काढलं नाही. तुम्हाला वाटलं, म्हातारीला सवय लागलीय. इतकी वर्षं रोज दुपारी तीन वाजले की माझं मन त्या खाटांपाशी जातं. कुणाचं तरी इंजेक्शन राहिलं, असं वाटत राहतं. त्यातली निम्मी माणसं आता या जगात नसतील, लेकरं बापये झाली असतील, मला कळतं ते. पण चार्ज दिल्याशिवाय घरी आलेल्या बाईला असं होतं.

काल दुपारी तुमचं पत्र परत वाचत ओट्यावर बसले होते. सिद्धेश, तू समोर उभा राहून हो म्हणतोस ते वाचलं. पुढचं वाचता येईना, म्हणून पत्र मांडीवर ठेवलं आणि माझी नावं मी मोठ्याने म्हटली, आठवली तेवढी. प्रेमा अंगणात धान्य वाळवत होती. तिला वाटलं, मी तिलाच काहीतरी सांगतेय. प्रत्येक नावाला ती "हो, हो" म्हणत होती.

मग मी घड्याळ काढून डब्यात ठेवलं. माझी ड्यूटी सुटली, पोरांनो.

शकुआत्या